गळा सुजला, पण मूळ खोकल्यात

मैत्रिणींनो, गळा फुगला की आपण लगेच म्हणतो, "गलगंड! आयोडीनचं मीठ खा." आमच्या चिखलीत थोरल्या जाऊबाईंनाही सगळ्यांनी हेच सांगितलं. मीठ तर आयोडीनचंच होतं! तीन महिन्यांत ठुशी गळ्यात बसेना, घास उतरेना, पायांवर सूज. थायरॉईडची रक्ततपासणी मात्र चांगली आली.

सुईने गाठीचा अंश काढून तपासला, तेव्हा कळलं: अमायलॉईड. क्षयासारखा जंतुसंसर्ग वर्षानुवर्षे अंगात मुरला, की यकृत एक प्रथिन जास्त बनवतं. त्याचे धागे अवयवांत साचतात. बहुधा मूत्रपिंडात, क्वचित थायरॉईड ग्रंथीतही. जाऊबाईंचा खोकला किती जुना! "मुलांच्या परीक्षा होऊ देत, मग दाखवीन," हेच पालुपद.

श्वासनलिका दबत होती, म्हणून शस्त्रक्रिया करावी लागली. गळा मोकळा झाला. मूत्रपिंडाचं दुखणं मात्र कायमचं मागे लागलं.

तेव्हा बायांनो, खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी, औषधं फुकट आहेत. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. घरातल्या प्रत्येकाचं दुखणं आपण काढतो. त्यात एक आपलंही धरा.