विझलेला दिवा

घरीं बांधलेल्या अँप्लिफायरला मीं हौसेनें दिव्याचें बटण बसविलें. त्यास तीन टोकें: एकास फेजची तार, दुसऱ्यापासून ट्रान्सफॉर्मरकडे वाट, तिसरें आंतील निऑन दिव्यासाठीं न्यूट्रलला. बटण बंद करतांच दिवा विझला व चिरंजीव झांकण उघडूं लागले. हात आंत जाण्यापूर्वीं मीं सहज टेस्टर लाविला, तों तो पेटला! भिंतीवरील सॉकेटांतच तारा उलट होत्या. बटण न्यूट्रल तोडीत होतें; दिव्याच्या दोन्ही टोकांस फेजच पोंचून तो विझला होता, आणि २३० व्होल्ट आंत तसेच उभे!

सॉकेट दुरुस्त करवून घेतलें. दोन्ही तारा एकदम तोडणारें बटणहि आणलें. तरी प्लग काढल्यावांचून आतां आमच्या घरीं झांकणास कोणी हात लावीत नाहीं.