वाटी, चमचा आणि ९६ अंश

आम्ही पडलो कॉन्व्हेंटवाले! मराठी वाचायचं म्हणजे अक्षर लावत लावत. सुट्टीत घरी गेलो तर आईचा हात प्लास्टरमध्ये. स्वयंपाक माझ्याकडे आला आणि पुस्तक निवडायची वेळ आली. रंगीत फोटोंच्या इंग्रजी पुस्तकात ओव्हन आणि पास्ता. बाबांना हवी रोजची आमटी-भाकरी!

मग घेतली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’. पुस्तक १९७० सालचं, बाई आपल्या सांगलीकडच्या, कुंडलच्या. मापं वाटी-चमच्याची. म्हणजे मोजायचं साधन घरातच! इंजिनिअरला आणखी काय पाहिजे?

एक हिशोब मात्र ज्याचा त्याने करायचा. आमचं महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी १०० ऐवजी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. कुकर लावा, वर एक शिट्टी जास्त. थर्मोडायनॅमिक्स असं पोटात जातं बघा!

पंधराव्या दिवशी आईने डाव्या हाताने आमटीची वाटी पुन्हा पुढे केली. बोलली काहीच नाही.

तेव्हा दोस्तांनो, पुस्तक घेताना फोटो बघू नका. आपल्या घरातली वाटी त्यात आहे का, एवढंच बघा.