प्लग ओला होता की कोरडा?

पावसाळाभर मी कॉलेजला एसटीनं जातो. रत्नागिरी जिल्ह्यातला आमच्या गावचा रस्ता त्या दिवसांत दुचाकीच्या कामाचा नाही. जून लागला की स्प्लेंडर पडवीत उभी राहते, वर प्लॅस्टिक चढतं, आणि दसरा झाला की गाडी बाहेर निघते. जुनी, कार्बोरेटरची गाडी. दरवर्षी जरा कुरकुर करते आणि सुरू होते. एका वर्षी मात्र काही केल्या सुरू होईना.

चोक ओढून किक मारल्या, चोक सोडून मारल्या. पेट्रोल कॉक रिझर्व्हवर फिरवून पाहिला. बाटलीतून ताजं पेट्रोल आणून टाकीत ओतलं. शेजारच्या मुलाला मागून ढकलायला लावलं. शर्ट घामानं भिजला, पायाचा घोटा दुखायला लागला, गाडी तशीच. मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. उष्णता इंजिनाच्या कार्यक्षमतेचं सूत्र, कार्नोचं चक्र, सगळं पुस्तक न उघडता फळ्यावर लिहितो. शेवटी गॅरेजला फोन केला, तोही नाराजीनंच.

त्या नाराजीमागे काय होतं ते इथे मोकळेपणानं लिहितो. गॅरेजवाल्यांबद्दल माझं एक ठाम मत होतं आणि ते मी कधीच तपासून पाहिलं नव्हतं. हे लोक डोक्यानं नाही, हाताच्या सवयीनं काम करतात. एक पार्ट बदलायचा, नाही जमलं तर दुसरा बदलायचा, आणि बिल गिऱ्हाइकाच्या माथी मारायचं. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला मी भर वर्गात म्हणायचो, "असाच राहिलास तर गॅरेजात पाने उचलत बसशील." मुलं हसायची. त्या बाकांवर कुणाचे तरी वडील, कुणाचा तरी थोरला भाऊ गॅरेजात असणार, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असूनही मी बोलत होतो. तो क्रूरपणा होता. मी त्याला शिस्त म्हणत होतो.

मेकॅनिक आला तो दहावीनंतर शाळा सोडलेला, पंचविशीतला मुलगा. मला वाटलं, आल्या आल्या किक मारेल. त्यानं किकला पायच लावला नाही. टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, "सर, प्लग ओला होता की कोरडा?"

मी म्हटलं, "बघितला नाही."

"मग कळणार कसं?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच तो प्रश्न पडला होता. पण मी जागच्या जागी गप्प झालो. प्रयोगशाळेत मी स्वतः मुलांना बजावतो, आधी निरीक्षण, मग बोला. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशानं पडला ते सांगता येणार नाही. आणि पडवीत मी चोक, कॉक, पेट्रोल, धक्का हे सगळं एकापाठोपाठ एक करत सुटलो होतो, काहीच न पाहता. माझ्या विषयाची पद्धत माझ्या अंगात नव्हती, फक्त तोंडात होती.

पुढचं मी त्याच्या शेजारी उकिडवा बसून पाहिलं. त्यानं प्लगपान्यानं प्लग काढला. एवढ्या किक मारूनही तो कोरडा ठणठणीत. ओला असता तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही असा अर्थ. कोरडा आहे म्हणजे पोचतच नाही. तरी त्यानं तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. प्लग कॅपमध्ये बसवून त्याची कड इंजिनाच्या पात्यांना टेकवली आणि किक मारली. निळी ठिणगी दिसली. मग सायलेन्सरच्या तोंडात आणि नळ्यांमध्ये बॅटरी मारून पाहिलं, कारण आमच्याकडे कुंभारीण माशी मिळेल त्या भोकात मातीचं घर बांधते. तिथे काही नव्हतं. मग त्यानं जे केलं ते मी विसरणार नाही. प्लगच्या भोकातून पेट्रोलचे मोजके थेंब आत सोडले, प्लग लावला, किक मारली. इंजिन फटफट करून क्षणभर चाललं आणि बंद पडलं.

मी हळहळलो. तो मात्र खूश झाला. "ठिणगी आहे, दाब आहे. जेवण तेवढं पोचत नाही. आता कार्बोरेटर खोलायचा, दुसरं काही खोलायचं नाही."

बंद पडणं हाच त्याचा पुरावा होता. इंजिन, वायरिंग, सगळं त्यानं चार थेंबांत बाजूला काढलं. याहून नेटका प्रयोग माझ्या प्रयोगशाळेत माझ्या हातून झालेला नाही.

कार्बोरेटरच्या कपात पिवळट चिकट थर साचला होता. पेट्रोलमधल्या ज्या हलक्या भागाची चटकन वाफ होते तो उभ्या गाडीतून आधी उडून जातो, आणि थंड इंजिन पेटायला गरज त्याचीच असते. मागे राहतं ते हवेशी संयोग पावून डिंकासारखं घट्ट होतं. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि कोकणातल्या पावसात ओल कमी नाही. हे रसायन मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्याला ते कपाच्या रंगावरून कळलं.

कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, म्हणजे स्लो जेट, काढून त्यानं आभाळाकडे धरला. भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक, त्यातून उजेड दिसत नव्हता. मी उत्साहानं घरातून सुई आणली. त्यानं ती परत दिली. जेट पितळेचा, सुई पोलादी. भोक घासून मोठं झालं की पेट्रोल जास्त जाणार, गाडी धूर टाकणार, ॲव्हरेज पडणार. त्यानं वायरीतली तांब्याची एक तार सोलून घेतली. तांबं पितळेहून मऊ. जेट आधी पेट्रोलमध्ये भिजवला, मग ती तार हलकेच फिरवली, मग फुंकर मारली. पुन्हा आभाळाकडे धरून जेट माझ्या हातात दिला. टाचणीच्या टोकाएवढा उजेड होता.

बाकी कामं लवकर झाली. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, ऑइल बदललं, गंजलेली चेन साफ करून तिला तेल दिलं, चाकांत हवा भरली. गाडी सुरू झाली. जाताना तो म्हणाला, "पुढच्या जूनला कॉक बंद करा आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. कप रिकामा होतो." त्यानंतर दर पावसाळ्याआधी मी तेच करतो.

वर्गातलं ते वाक्य मी टाकून दिलं. ज्यांना ते ऐकावं लागलं त्यांची माफी मागायला मात्र आता ती मुलं समोर नाहीत, आणि हे मला टोचतं.

प्रयोगशाळेतही मी एक बदल केला. बारावीला भौतिकशास्त्राच्या शंभर गुणांत प्रात्यक्षिकाचे 30. मीटर ब्रिजवर रोध मोजताना उत्तर किती यायला हवं हे मुलांना आधीच ठाऊक असतं आणि वहीत तेच येतं. आता वर्षातून काही तास मी मुद्दाम बिघडवलेली जोडणी टेबलावर ठेवतो. कुठे तुटलेली तार असते, कुठे उतरलेला सेल. दोष कुठे आहे ते सांगत नाही. काय पाहिलं, त्यावरून काय वगळलं, एवढंच वहीत लिहायचं. लेखी परीक्षेत मागे राहणारी काही मुलं इथे सगळ्यांच्या आधी दोष शोधतात. विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी हे आपल्या प्रयोगशाळेत एकदा करून पाहावं. एक तुटकी तार आणि एक तास, एवढंच लागतं.