पाणी धरणारं लाकूड

५० लिटरच्या बंद डब्यातल्या हवेत पाणी किती असतं? तापमान ३० अंश आणि आर्द्रता ७० टक्के धरली तर जेमतेम १ ग्रॅम. पुरता चमचाही भरणार नाही! आणि त्याच डब्यात लाकडाचे चार पातळ ट्रे ठेवले, सुकं वजन मिळून ८०० ग्रॅम, तर त्या लाकडात १०० ग्रॅम पाणी. हाताला कोरडंठाक लागणारं लाकूड अर्धा पेला पाणी पोटात घेऊन बसलेलं असतं! विश्वास बसेना म्हणून हिशोब पुन्हा मांडला, उत्तर तेच. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक फळीकडे, दाराकडे, जेवायच्या पाटाकडे मी वेगळ्याच नजरेने बघतोय.

निमित्त झालं मामांच्या सिगारचं. मामा मालवाहू जहाजावर इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर करंजाड्यात राहायला आले आणि येताना बंदराबंदरांतून जमवलेल्या सिगारच्या पेट्या घेऊन आले. ओढणं त्यांनी केव्हाच सोडलंय. तंबाखू माणसाचं काय करते ते त्यांनी जहाजावरच्या सोबत्यांमध्ये जवळून पाहिलंय, आणि घरातल्या कुणाला ते त्या पेट्यांजवळ फिरकू देत नाहीत. पण प्रत्येक पेटीमागे एक सफर आहे, ती टाकवत नाही. "तुला लाकडाचं वेड आहे ना? मग हे ट्रे घे आणि माझ्या पेट्या या पावसातून वाचव," असं म्हणून त्यांनी सिडारचे कोरे ट्रे माझ्या हातात ठेवले. कागद उलगडला आणि जो वास आला! थोडा मिऱ्यासारखा तिखट, थोडा गोड, आणि मागून चंदनाची नाही पण तशीच काहीतरी ऊब. मी तिथेच गुंतलो.

सिगार म्हणजे शेवटी गुंडाळलेली पानं, आणि पान हवेतलं पाणी घेतं, सोडतं. आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या पट्ट्यात राहिली की पान लवचीक राहतं. फार खाली गेली की वरचं पान तडकतं, ७५च्या वर रेंगाळली की बुरशी धरते. आपल्याकडे सोलापूर-सिन्नरच्या विडी वळणाऱ्या बायकांना हे कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. तेंदूचं पान भिजवून, ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ केल्याशिवाय त्या कात्री हातात घेतच नाहीत.

आता आमचं करंजाडे बघा. गाढी नदी शेजारी, पनवेलची खाडी जवळ, मे महिन्यातला घामाघूम उकाडा आणि मग जूनपासून कोसळणारा पाऊस. जुलैत खिडकी उघडी असली की आर्द्रता मोजणाऱ्या हायग्रोमीटरचा आकडा नव्वदीला टेकतो. रात्री एसी लावला की त्याच खोलीत ५०-५५. एसी बंद केला की सकाळपर्यंत पुन्हा ८५. एका रात्रीत एवढा चढउतार! अशा ठिकाणी पट्टा राखायचा तर तो राखणार कोण? उत्तर त्या वासाच्या लाकडात होतं.

सिगारसाठी जो सिडार वापरतात त्याचं शास्त्रीय नाव सेड्रेला ओडोराटा. तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, कॅरिबियन बेटांवरचा. वखारीत सिडार मागितला तर देवदार पुढे करतील, तो घेऊ नका. देवदार सूचिपर्णी, राळेचा उग्र वास असलेला, आणि तो वास तंबाखूत उतरतो. सेड्रेला हा महोगनीच्या कुळातला, म्हणजे आपल्या कडुनिंबाच्याही कुळातला! आणि त्याचा अगदी सख्खा म्हणावा असा भाऊ आपल्या सह्याद्रीत उभा आहे. तो म्हणजे तून. इतका सख्खा, की वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने त्याला आधी सेड्रेलाच ठरवला होता, वेगळी प्रजात मागाहून झाली. हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठलोच, कारण तून मला माहीत होता. मिरजेच्या सतारीचा तून! सतारीची दांडी, तबली ज्या लाकडाची करतात ते हे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणि तूनचं लाकूड यांवर मिरजेची अख्खी कला उभी आहे, २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. हलकं, सरळ रेषांचं, हवेबरोबर पाणी घेऊन-सोडूनही फारसं न पिळणारं लाकूड सतारीला हवं असतं. सिगारच्या ट्रेलाही नेमकं तेच हवं असतं. इंग्रजी अमदानीतल्या वनस्पतींच्या जुन्या नोंदींत तूनचे उपयोग लिहिलेत त्यांत चहाची खोकी आहेत आणि सिगारच्या पेट्याही आहेत. म्हणजे ज्या लाकडातून यमन निघतो त्याच्याच भाऊबंदांत मामांच्या सिगार झोपणार होत्या!

पण कोरा ट्रे आणला आणि माल भरला असं चालत नाही. लाकडाला आधी मुरवावं लागतं, सीझन करावं लागतं. लाकूड भोवतालच्या हवेशी पाण्याचा समतोल साधत राहतं. हवेत ३० टक्के आर्द्रता असेल तर लाकडात त्याच्या सुक्या वजनाच्या साधारण ६ टक्के पाणी राहतं. ५० टक्क्यांना ९, ६५ ते ७०च्या पट्ट्यात १२ ते १३, आणि नव्वदीला थेट २०. सुकलेला ट्रे डब्यात ठेवला तर तो सिगारमधलं पाणी ओढून घेतो. ओलावलेला ठेवला तर उलट सिगारनाच पाणी पाजतो. म्हणून ट्रेला आधीच १२-१३ टक्क्यांवर आणून बसवायचं. मग झाकण उघडलं, बाहेरची हवा शिरली, अर्धा ग्रॅम इकडचा तिकडे झाला, तरी १०० ग्रॅम पाणी धरून बसलेल्या लाकडाला त्याचं काही वाटत नाही. ते तेवढं पाणी देतं किंवा घेतं आणि पट्टा पुन्हा जागेवर येतो. इतके दिवस माझी समजूत होती की आर्द्रता राखते ती डब्यात टाकलेली क्षाराच्या द्रावणाची पुडी. राखतं ते लाकूड! पुडी फक्त लाकडाचा हिशोब पुरा करते.

आणि आता खरी गंमत. सीझनिंगची जी कृती सगळीकडे छापलेली सापडते ती थंड, कोरड्या देशांतली आहे. तिथे हिवाळाभर घर तापवतात, घरातली हवा शुष्क, लाकूड ६-७ टक्क्यांवर आलेलं. म्हणून ते सांगतात, वाटीभर डिस्टिल्ड वॉटर आत ठेवा, किंवा ८४ टक्क्यांची पुडी घालून १४ दिवस डबा बंद ठेवा. बरोबरच आहे, तिथे. पण करंजाड्यात जुलैमध्ये उघड्यावर राहिलेला ट्रे १८-२० टक्क्यांना पोचलेला असतो. त्याला आणखी पाणी कशाला? आपल्याकडे पावसाळ्यात मुरवणं म्हणजे उतरवणं! ट्रे आधी एसीच्या खोलीत, खाली पट्ट्या देऊन, चहूबाजूंनी वारा लागेल असे ठेवायचे, आणि जास्तीचं पाणी गेलं की रबरी कडेच्या घट्ट डब्यात ६५ किंवा ६९च्या दुतर्फी पुड्यांबरोबर बंद करायचे. दुतर्फी म्हणजे पाणी देणाऱ्याही आणि घेणाऱ्याही. आत क्षाराचं संपृक्त द्रावण असतं आणि वेष्टनातून फक्त वाफ आरपार जाते. ओल्या फडक्याने लाकूड पुसायचा जुना सल्लाही आहे, तो मला मुळीच मान्य नाही. एका बाजूने पाणी प्यायलेली पातळ फळी बाक धरते, रेषा उठतात, सांधे उघडतात. घाई इथे कामाची नाही. आणि व्हार्निश तर नकोच नको. लाकडाचं तोंड बंद केलं तर ते श्वास कुठून घेणार?

हायग्रोमीटर खरं बोलतो का, हे तपासायची रीत तर मला फारच आवडली. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं, विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. सकाळी आकडा ७५ दिसला पाहिजे. जितका कमी-जास्त, तितकी त्या यंत्राची चूक. ओलं मीठ बंद जागेत हवा ७५लाच आणून ठेवतं, हा मिठाचा स्वभाव आहे. म्हणजे हवा ७५च्या वर गेली की मीठ तिच्यातलं पाणी ओढून पाझरायला लागणार. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पावसाळ्यात का पाणावते, याचं उत्तर मला सिगारच्या नादात मिळालं! खडेमीठ तर त्याआधीच पाझरतं, त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. आई मिठात तांदळाचे दाणे घालायची, आणि मी ते नुसतं बघत मोठा झालो.

ट्रे मुरला हे कळणार कसं? वजनाने! स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि रोज ठरावीक वेळी ट्रे तोला. एसीत ठेवल्यावर आकडा भराभर उतरतो, डब्यात गेल्यावर सावकाश सरकतो, आणि एक दिवस येतो की कालचा आणि आजचा आकडा एकच. दुसऱ्या दिवशीही तोच. लाकूड स्थिरावलं! हा आकडा बघताना मला झालेला आनंद मी मामांना फोनवर ओरडून सांगितला.

मामांना धास्ती होती ती किड्याची. तंबाखूचा भुंगेरा, लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी, सिगारला टाचणीएवढी भोकं पाडतो. उष्ण हवेत त्याची अंडी उबतात आणि आमच्याकडे उष्ण हवेला तोटा नाही. सिडारचा वास किड्यांना नकोसा असतो, पण त्यावर विसंबून राहणं मला पटत नाही. माल आधी हवाबंद पिशवीत घालून काही दिवस डीप फ्रीजमध्ये, मग फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मग बाहेर, असा टप्प्याटप्प्याने आणलेला बरा. आणि हा किडा परका नाही हो, हळकुंडाला भोकं पाडतो तो हाच! तेव्हा मला सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं आठवली, जमिनीत खोल खणलेली, तोंड बंद करून हळद वर्षानुवर्षं जपणारी. बाहेरच्या ऋतूला आत येऊ द्यायचं नाही, हे तिथल्या लोकांनी मातीकडून करवून घेतलं. मिरजेचा तून आणि हरिपूरचं पेव, दोन्ही एकाच जिल्ह्यात!

मग मला राहवेना. सेड्रेलाची अख्खी प्रजात २०२० पासून साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्या लाकडाचा परदेशी व्यापार परवान्याने चालतो, कारण जंगलांतून ते बेसुमार तोडलं गेलं. तेव्हा नवं मागवण्यापेक्षा तूनचा ट्रे करून बघू म्हटलं. पनवेलच्या एका सुतारमामांनी जुन्या कपाटाची फळी रंधून दिली, रंधा फिरताच लालसर छिलके आणि तोच, अगदी तोच नातलग वास! तो ट्रे आता सिडारच्या ट्रेशेजारी डब्यात आहे. अजून रिकामाच, कारण त्याचं वजन अजून उतरतंय. तूनचं पाणी सिडारपेक्षा सावकाश सुटतं की फळी जाड आहे म्हणून, हे ठरवायला सारख्या जाडीचे तुकडे हवेत. शिवाय आता फणस, आंबा आणि सागाच्याही एकेका पट्टीला काट्यावर चढवायचंय, गणपतीपर्यंत ओल्या हवेत आणि दिवाळीनंतर कोरड्या हवेत. तेव्हा पनवेल-उरणकडे कुणाच्या माळ्यावर जुन्या तूनची फळी पडून असेल, खोक्याची, कपाटाची, मोडक्या सतारीची, तर जाळू नका. वीतभर तुकडा मला पुरेल.