गोमुखाच्या अलीकडे



परवा आमच्या गल्लीतली चार-पाच पोरे पाठीवर मोठाल्या सॅक घेऊन पाया पडायला आली. गंगोत्रीहून गोमुखाला चालत जाणार होती. मी विचारले, "गंगोत्रीत मुक्काम किती?" म्हणाली, "एक रात्र, आजोबा." मी पाय मागे घेतले. म्हटले, "दोन करा, मग पाया पडा." पोरे हसली. म्हातारा थट्टा करतोय असे त्यांना वाटले. थट्टा नव्हती, पण उंबऱ्यात उभे राहून सांगण्यासारखी ती हकीकत नाही. म्हणून इथे लिहितो.

१९९६ सालचा मे महिना. मी पंचेचाळिशीत होतो. आळंदी ते पंढरपूर दरवर्षी पायी, आषाढीला जाणे जमले नाही तर इथल्या नंदवाळला पायी, चैत्रात जोतिबाचा डोंगर अनवाणी. दिवे घाटात तरुण टाळकरी धापा टाकत आणि मी अभंग सोडत नसे. त्याचा अभिमान होता, आणि तो अभिमान आहे हेही मला कळत नव्हते. आम्ही चौदाजण निघालो. बहुतेक आमच्या दिंडीतलेच. त्यात माझे पखवाजी, करवीर तालुक्यातले शेतकरी, वीस वर्षे माझ्या साथीला. पखवाज घरी ठेवा म्हटले तर ऐकेनात. गंगामाईला ऐकवायचा म्हणाले. वाटाड्या म्हणून कोल्हापुरातलाच एक तरुण होता. सह्याद्रीतले गडकोट आणि हिमालयातल्या दोन-तीन मोहिमा त्याने केल्या होत्या. देवाधर्माचे त्याला फारसे नव्हते.

मिरजेहून दिल्ली, पुढे हरिद्वार, उत्तरकाशी. वाटेत देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथीचा संगम पाहिला. दोन रंगांचे पाणी शेजारी शेजारी वाहते. आमची एक वृद्ध टाळकरीण म्हणाली, "आपल्या प्रयाग चिखलीला असंच हाय की, फक्त हितं आवाज मोठा." उत्तरकाशीहून एका दिवसात बसने गंगोत्री.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. गंगोत्री तीन हजारांच्या वर. पोरगा म्हणाला, "बुवा, उद्याचा दिवस इथेच काढू. शरीराला सवय होऊ दे." मी म्हणालो, "वारकरी बसत नसतो." चौदातले बाराजण माझे श्रोते. मी बोललो की विषय संपत असे. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो.

वाट सुंदर आहे, खोटे कशाला बोलू. नऊ किलोमीटरवर चीडबासा, तिथे चिडाची झाडे. त्यापुढे भूर्जाची. ज्या भूर्जपत्रांवर पोथ्या लिहिल्या, ती साल हाताने चाचपली तेव्हा मला भरून आले. समोर भागीरथीची शिखरे, कड्यावर भरल नावाची रानमेंढरे, मधूनच दरडीवरून दगड गडगडत येतात तिथे पळत पार व्हायचे. चौदाव्या किलोमीटरला भोजबासा. उंची तीन हजार आठशेच्या आसपास. तिथल्या आश्रमात डाळ-रोटी मिळाली.

संध्याकाळी हरिपाठाला बसलो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावावी लागते, हे तुम्हांला सांगायला नको. पखवाजींनी बर्फासारख्या पाण्यात कणीक मळली आणि तशीच हातात धरून बसले. लावलीच नाही. हरिपाठ टाळांवर झाला. माउलींच्या सोहळ्यात समाज आरतीला चोपदाराने दंड उंचावला की सगळे टाळ थांबतात आणि ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच वाजत राहतात. चोपदार तिकडे जाऊन ऐकून घेतो. इथे तक्रार उलटी होती. पखवाज वाजला नाही, आणि मी, दिंडीत आयुष्य गेलेला माणूस, उठून विचारायला गेलो नाही.

रात्री त्यांना दोनदा उलटी झाली. डोके फुटतेय म्हणाले. मी कपाळाला बुक्का लावला आणि म्हणालो, "नाम घ्या, उतरेल." सकाळी ते उठले ते प्यालेल्या माणसासारखे झोकांड्या खात. गोमुख तिथून चार-पाच किलोमीटर. मी म्हणालो, "एवढे आलाय, आता दर्शन चुकवू नका."

पोरगा मध्ये आला. त्याने जमिनीवर काठीने रेघ ओढली आणि पखवाजींना टाचेला चवडा लावत तिच्यावरून चालायला सांगितले. तीन पावलांत ते कलंडले. पोरगा म्हणाला, "यांना आत्ताच्या आत्ता खाली न्यायचं. वर नेलं तर माणूस जाईल." मी चिडलो. विश्वास नसलेल्यांनी तीर्थावर बोलू नये, असे काहीतरी बोललो. त्याने वाद घातला नाही. पखवाजींकडे पाहत राहिला. पखवाजी मान खाली घालून म्हणाले, "बुवा, तुम्ही म्हणशीला तर येतो."

माउली, वीस वर्षे हजारो लोकांपुढे उभा राहिलो, पण माझ्या शब्दाला एवढे वजन असेल असे मला वाटले नव्हते. त्या वजनाची त्या क्षणी भीती वाटली.

पुढे कोल्हापुरात एका डॉक्टरांकडून समजून घेतले. उंचावर हवेतला प्राणवायूचा वाटा तोच असतो, हवेचा दाब कमी होतो. भोजबासाला तो समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. शरीराला सवय व्हायला दिवस लागतात. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा फार चढवू नये, अधूनमधून एक दिवस थांबावे. नाहीतर कुणाच्या मेंदूला सूज येते, कुणाच्या फुफ्फुसात पाणी होते. तोल जाणे ही धोक्याची खूण. खरा इलाज एकच, खाली उतरणे. कोण धट्टाकट्टा, कोण किती वाऱ्या केलेला, याच्याशी त्याचा संबंध नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातल्या युक्त आहार-विहारावर मी किती निरूपणे केली असतील, पण ते भोजबासालाही लागू आहे हे सुचले नाही.

मी पखवाजींबरोबर उतरलो. ते खेचरावर, मी मागे, पाठीवर त्यांचा पखवाज. त्याचा पट्टा खांद्यात रुतत होता. हे ओझे घेऊन ते आदल्या दिवशी चढले होते, हे मला चीडबासाच्या वळणावर लक्षात आले. गंगोत्रीत पोहोचेपर्यंत त्यांची नजर स्थिर झाली. रात्री त्यांनी वरणभात मागितला.

बाकीचे बाराजण गोमुख पाहून आले. निळसर बर्फाची भिंत, तिच्या गुहेतून सुटलेला प्रवाह, असे सांगत होते. सुमारे तीस किलोमीटर लांबीची ती हिमनदी तेव्हाही मागे हटत होती, आजही हटते आहे. २०१६ च्या जुलैत तिच्या तोंडाचा मोठा भाग कोसळल्याचे वाचले. म्हणजे त्यांनी पाहिले ते गोमुख आता तसे नाही. मी पाहिले नाही ते नाहीच.

घरी आल्यावर पखवाजींच्या घरी मावंदे झाले. गंगापूजन आटोपून पंगत बसली. त्यांच्या घरच्या माउली तूप वाढताना म्हणाल्या, "बुवा, ह्यांना तुमी न्हेलं म्हणून गंगा घडली." पखवाजी पानाकडे पाहत होते, एक शब्द बोलले नाहीत. मी हातातला घास खाली ठेवला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असे घडले तसे सांगितले. रेघेसकट. बोलून झाल्यावर बराच वेळ कुणी बोलेना. मग त्या माउलींनी माझ्या पानात आणखी तूप वाढले आणि पुढच्या पानाकडे गेल्या.

त्या पोरांनी मुक्काम वाढवला की नाही, ते आल्यावर कळेल.