घरट्यावरचे बूट

“वहिनी, आठवड्याभरात मरणारच आहेत ना हे सगळे? मग काय फरक पडतो?”

गेल्या नोव्हेंबरात केनेडी क्रीकच्या पाण्यात उभं राहून यांच्या ऑफिसातल्या एका मित्रानं मला हे ऐकवलं. तेव्हापासून मी भांडी घासतानासुद्धा मनातल्या मनात त्याला उत्तरं देत असते.

आम्ही सिॲटलजवळ राहतो. हा ओढा ऑलिंपियाच्या पलीकडे, दीड-दोन तासांवर. दर नोव्हेंबरात चम जातीचे सॅमन तिथं अंडी घालायला समुद्रातून परत येतात. पायवाट आहे, कठड्याचे ओटे आहेत, माहिती सांगायला स्वयंसेवक असतात. पाहुणे आले की आम्ही त्यांना घेऊन जातो, तसेच त्या दिवशी गेलो होतो.

ओढा तसा उथळ. चार-पाच किलोचा मासा आणि पाणी वीतभर, त्यामुळे पाठी उघड्याच दिसतात. नरांच्या अंगावर जांभळे-तांबडे उभे पट्टे, कच्चा रंग धुण्यात ओघळावा तसे. जबडा वाकडा झालेला, दात बाहेर आलेले. गोड्या पाण्यात शिरल्यापासून पोटात अन्नाचा कण नाही. काठावर मेलेल्यांचा खच आणि वास असा की पहिल्यांदा मी नाकाला ओढणीच लावली होती.

एक मादी आमच्या अगदी समोर होती. ती कुशीवर व्हायची आणि शेपटीनं फटाफट खडी उडवायची. मग सरळ होऊन थोडी दम खायची, पुन्हा कुशीवर. त्या मारानं तिच्या शेपटीची कातडी झिजून पांढरी पडली होती. खड्डा झाला की त्यात अंडी सोडायची, शेजारचा नर त्यावर रेत सोडतो, मग ती जराशी वर सरकून पुढचा खड्डा खणते. त्याची खडी प्रवाहाबरोबर खाली येते आणि आधीची अंडी झाकली जातात. खडीच्या फटींतून वाहतं पाणी मिळालं तरच अंडी हिवाळाभर जगतात. गाळ बसला की गुदमरतात आणि पाय पडला की चिरडतात. एवढं साधं आहे हे.

आणि हे गृहस्थ फोन घेऊन तिथंच उतरले! चांगला फोटो हवा म्हणून. पाठोपाठ त्यांचा धाकटाही काठाशी आला, हातात दगड. मी म्हटलं, “अहो, बाहेर या, खाली अंडी आहेत.” त्यावर ते वरचं वाक्य. मी जरा आवाज चढवला, तर हसून म्हणतात, “वहिनी, तुम्ही रोह्याच्या ना? वलगणीचे मासे कधी खाल्ले नाहीत?”

खाल्लेत की! पहिल्या पावसात शेतात चढलेले, गाभोळीनं फुगलेले. बाबा रात्री कंदील घेऊन जायचे आणि आम्ही आईच्या मागे ताटं घेऊन उभे. आजही कोणी वाढले तर नको म्हणेन अशी माझी खात्री नाही. पण घरी चार तोंडांसाठी धरून आणणं आणि फोटोसाठी तुडवणं एकच का? कदाचित माशाच्या बाजूनं एकच असेल. तेव्हा मला यातलं काही बोलता आलं नाही हेच जास्त झोंबलं. शेवटी रेनकोटातल्या एका वयस्क स्वयंसेविकेनं शांतपणे त्यांना बाहेर यायला सांगितलं. तिचं त्यांनी निमूट ऐकलं. माझं नाही! याचाही राग आहेच.

घरी आल्यावर वाटलं, एका माणसाच्या बुटांवर आपण किती चरफडतोय! या राज्यानं रस्ते बांधताना ओढ्यांवर ठिकठिकाणी अशा मोऱ्या घातल्या की मासा वर चढूच शकत नाही. त्यात चमला इतर सॅमनसारखी उंच उडी जमत नाही. इथल्या आदिवासी जमातींनी त्यावर खटला भरला. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयात मतं चार-चार अशी समान पडली, म्हणून मोऱ्या बदलण्याचा खालच्या न्यायालयाचा आदेश कायम राहिला. त्याआधी 1974 मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला होता की, 1850 च्या दशकातल्या तहांप्रमाणे धरण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा जमातींचा. तेव्हापासून किती धरायचे, किती वर जाऊ द्यायचे हे सरकार आणि जमाती मिळून ठरवतात. त्यासाठी माणसं ओढ्याकाठानं चालत जिवंत आणि मेलेले मासे मोजतात. जाळ्यातून सुटून अंडी घालायला किती पोचले, यावर पुढचा सगळा हिशोब. एवढं करूनही जवळच्याच हूड कॅनॉलमधला उन्हाळी चम 1999 पासून धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे.

म्हणजे मोऱ्यांपुढे ते बूट काहीच नाहीत. तरी मला राग बुटांचाच येतो, कारण मोरी काही हसून उत्तर देत नाही.

आणि “मरणारच आहेत” हे खरंच आहे. मादी घरट्याची राखण करत करत तिथंच संपते. तिचं कलेवर पाण्यातले किडे खातात, गरुड खातात, उरलेलं काठच्या झाडांना मिळतं. त्या किड्यांवर दुसऱ्या सॅमनची पिल्लं जगतात. तिची स्वतःची पिल्लं वसंतात खडीतून वर येतात आणि ओढ्यात फारशी न रेंगाळता खाडीची वाट धरतात. पण फरक पडायचा प्रश्न तिचा नव्हताच, तो तिच्या खालच्या खडीचा होता.

रागाच्या भरात मला वाटलं होतं, माणसांना इथं बंदीच घालावी. आता तसं वाटत नाही. न बघितलेल्या ओढ्यासाठी कोण भांडणार? तुम्ही या भागात असाल तर नोव्हेंबरात शनिवार-रविवारी मुलांना घेऊन जरूर जा. कुत्रा घरी ठेवा. पोलराइज्ड चष्मा असेल तर घ्या, पाण्यावरची चकाकी जाऊन तळाची खडी दिसते. मुलांच्या हातात दगड राहू देऊ नका, फोटो कठड्यावरूनच काढा आणि कोणी पाण्यात उतरलं तर त्याला बाहेर बोलवा, भले तो घरचा पाहुणा का असेना.