लेव्हल वन

आमच्या घराच्या मागच्या खोलीत एक सिव्हिल इंजिनियर भाड्यानं राहतो. तो रेल्वेत चावीवाला आहे. कुर्डुवाडीत हे कुणाला समजावावं लागत नाही, पण तुम्हाला सांगतो. खांद्यावर हातोडा आणि पाना, हातात लाल-हिरव्या झेंड्या, आणि आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी तपासायचा. रुळाला स्लीपरशी धरून ठेवणाऱ्या चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकून बसवायच्या. कागदावर त्याचं पद ट्रॅक मेंटेनर, पगाराची पायरी लेव्हल वन, मूळ पगार १८,०००, किमान पात्रता दहावी पास. घर बिहारमध्ये, इथून दीड दिवसाच्या अंतरावर.

आई त्याला ‘इंजिनियर’ म्हणते. मला नावानं हाक मारते.

२०२३ मध्ये तो राहायला आला तेव्हा मी हिंजवडीत होतो. आई फोनवर म्हणाली, “आरं, तुझ्याएवढाच शिकलाय की. आन् गँगमध्ये हाय.” तिला वाईट वाटत होतं. मलाही वाटलं, पण त्यात थोडा सुटकेचा श्वास होता. कारण तोच फॉर्म मीही भरला होता.

२०१९ ची गोष्ट. माझी डिग्री हातात, नोकरी नाही. रेल्वेनं लेव्हल वनच्या १,०३,७६९ जागा काढल्या आणि एक कोटीहून जास्त अर्ज आले. फी ५०० रुपये, परीक्षेला बसलं की ४०० परत. आईचा सगळा जोर त्या चारशेंवर. “देऊन तर ये, परत मिळत्यात.” परीक्षा व्हायला २०२२ चा ऑगस्ट उजाडला. तोवर आयटीत तेजी आली होती, मला पुण्यात नोकरी लागली होती. मी गेलोच नाही. चारशे बुडाले, आई अजून काढते.

तो गेला. त्या जानेवारीत बिहारमध्ये याच रेल्वेभरतीवरून पोरं रुळांवर उतरली होती, तेव्हा तो पाटण्यात एका खोलीत चौघांबरोबर अभ्यास करत होता. लेखी झाल्यावर शारीरिक चाचणी, म्हणजे ३५ किलो वजन घेऊन दोन मिनिटांत १०० मीटर आणि सव्वाचार मिनिटांत एक किलोमीटर धावणं. त्यानं वाळूचं पोतं घेऊन गंगेच्या काठी सराव केला. चार वर्षं काँक्रीटची ताकद मोजायला शिकलेला माणूस स्वतः पोतं घेऊन पळत होता, हे तो हसत सांगतो. मला हसू आलं नव्हतं.

आमच्या घरात रेल्वेची नोकरी कमी कधीच नव्हती. कुर्डुवाडी स्टेशनचं जुनं नाव बार्शी रोड. १८९७ मध्ये इथून बार्शीला अडीच फुटी गाडी सुरू झाली, पुढं ती लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. तिच्या वर्कशॉपमध्ये माझे आजोबा होते. सातवी पास. त्या नोकरीवर त्यांनी घर बांधलं, दोन बहिणींची लग्नं केली. आजोबांची आणि याची पायरी साधारण एकच. आजोबा खालून चढून तिच्यावर पोचले होते, हा वरून उतरून. म्हणून आजोबा युनिफॉर्म घालून फोटो काढायचे आणि याच्या मोबाइलमध्ये नारंगी जाकिटातला एकही फोटो नाही. गावाकडं फक्त ‘रेलवे में है’ एवढंच माहीत आहे. तेवढ्यावर त्याचं लग्नही ठरलं.

२०२४ च्या मार्चमध्ये माझी नोकरी गेली. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, मग लॅपटॉप लॉक. मी कुर्डुवाडीला आलो आणि गल्लीत ‘वर्क फ्रॉम होम’ सांगितलं. पाच महिन्यांनी एक काम मिळालं. रात्रपाळी, परदेशी ग्राहकाची तिकिटं. कुणाचा पासवर्ड बदलून द्यायचा, कुणाची तक्रार वाचून वरच्याकडं ढकलायची. ज्या तऱ्हेची सिस्टिम मी पुण्यात लिहीत होतो, तिला आता हात लावायची परवानगी नाही.

त्यानं विचारलं, “पोस्ट कोणती, भाई?”

“एल-वन सपोर्ट.”

तो खो-खो हसला. “लेव्हल वन! तुम भी?”

मी चार दिवस त्याच्याशी बोललो नाही. त्याला माझ्यासारखा म्हणताना मला कधी त्रास झाला नव्हता, कारण तेव्हा मी वर होतो. त्यानं मला त्याच्यासारखा म्हटल्यावर झाला.

एप्रिलमधल्या एका रात्री गच्चीवर बसलो होतो. दिवसभर ४३ होतं. त्यानं टाकीवर खडूनं गणित मांडलं. एक किलोमीटर रूळ मोकळा सोडला, तापमान ४० अंशांनी वाढलं, तर तो जवळजवळ ४६ सेंटिमीटर वाढेल. पण आता रूळ लांबच लांब जोडलेले असतात, वाढायला जागाच नाही. तो सगळा जोर आत कोंडून राहतो. चाव्या सैल असल्या, खडी कमी पडली, की रूळ आडवा वाकतो.

मी म्हटलं, “म्हणजे शिक्षण वाया नाही गेलं की. का ठोकतोय हे तुला कळतं.”

“मुकादमालाही कळतं,” तो म्हणाला. “आठवी शिकलाय. रुळाला हात लावून सांगतो, आज इथं बघ. मी घरी येऊन गणित करतो. उत्तर त्याचंच येतं.”

यावर मला काही सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. मुकादमानं तीस वर्षांत जे कमावलं त्याला मी कमी म्हणू शकत नाही, आणि याच्या बापानं शेत गहाण टाकून भरलेल्या फीलाही.

आता त्याला दानापूरकडं बदली हवी आहे. तिकडचा कुणी सोलापूर विभागात यायला तयार झाला तर अदलाबदल होते. कुणी होत नाही. परवा तो म्हणाला, ग्रुपवर टाकायचा मेसेज जरा भारी करून दे. मी लिहिलं, जंक्शन आहे, सगळीकडं गाड्या मिळतात, खोलीभाडं कमी, पंढरपूर जवळ, लोक चांगले. त्यानं वाचलं आणि खाली स्वतः एक ओळ घातली, ‘गर्मी बहुत है, पैदल बहुत चलना पड़ेगा.’

“असं लिहिलंस तर कोण येईल?”

“आल्यावर कळणारच ना,” म्हणाला आणि पाठवून दिला.

माझ्या लॅपटॉपवर शेजारच्या टॅबमध्ये माझा बायोडेटा उघडा होता. त्यात मी अजून सीनियर डेव्हलपर होतो. मी स्क्रीन जरा खाली केली. आतून आईनं हाक मारली, इंजिनियर, जेवला का? आम्ही दोघंही ‘हो’ म्हणालो.